डावा कोपरा

शनिवारी रात्री आम्ही कबड्डीत पुन्हा हरलो. २६-२७. या मोसमातला हा सलग सहावा पराभव, आणि त्यातला तिसरा एका गुणाचा. वीस गुणांनी हरलं की माणूस निवांत झोपतो. एका गुणाने हरलं की रात्रभर अंथरुणात स्वतःच चढाया करत बसतो.

पोयनाडकडच्या एका गावात प्रकाशझोतातली स्पर्धा होती. मैदान झकास केलेलं. माती चाळून, पाणी मारून, दाबून घेतलेली, वर फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेषा. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही २४-२० असे पुढे होतो. मी वडापाव घ्यायला उठलो, आणि हीच चूक झाली असं माझं प्रामाणिक मत आहे. परत येतो तो त्यांच्या पोराने एका चढाईत दोघांना टिपलेलं. मग आमचा चढाईला गेला तो तिकडेच पकडला गेला. मैदानात आमचा एकटाच उरला, त्यालाही उडवला, अख्खा संघ बाद, म्हणून वर लोण बसला. २४-२६. तरी आमच्या पोराने बोनस घेऊन एक गडी मारला, बरोबरी केली. शेवटची चढाई त्यांची.

आमचा डावा कोपरा वाकून, हात गुडघ्यांशी घेऊन उभा होता. चढाईवाला बोनससाठी पाय टाकायला आला आणि याने चवडा धरला. अगदी पुस्तकात काढावा तसा, दोन्ही हातांनी घोट्याच्या वर. मी ओरडलो. सगळं नागाव, म्हणजे आम्ही टेम्पोतून गेलेले अठरा जण, ओरडलो. पण साथीला येणारा मध्यरक्षक अर्धं पाऊल उशिरा आला. चढाईवाला मातीत आडवा पडून सरकला आणि त्याच्या मधल्या बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं. रेषेवरची फक्की बोटभर पुसली गेली होती. मी सामना संपल्यावर जाऊन बघून आलो.

येताना टेम्पोत कोणी बोलेना. अलिबाग मागे पडलं, आक्षी आलं, तेव्हा एकाने पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा म्हणतात, मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि त्याची सुरुवात जगाच्या सुखाची इच्छा करून होते. हजार वर्षांत त्याच रस्त्यावर मराठी कुठून कुठे आली, ते मी त्या टेम्पोत ऐकलं. पंचाची मात्र काही चूक नव्हती. बोट लागलं होतं.

रविवारी सकाळी काकांकडे गेलो. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पंचाहत्तरी ओलांडलेले, एकेकाळचे आमच्या संघाचे डावे कोपरारक्षक. वाडीतल्या झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"काय रे, गेलो ना?"

"एका गुणाने."

"पहिला लोण कधी बसला?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. शेवटी काय झालं ते त्यांना नको असतं. सामना कुठे फिरला ते हवं असतं.

काकांकडे खेळाचा सगळा इतिहास आहे, त्यांच्या पद्धतीने सांगितलेला. आजोबांच्या वेळी त्याला हुतूतू म्हणत. भात कापून झालं की शेतातच डाव मांडत, आणि तळपायाला धसकटं टोचत असल्यामुळे नागावचे गडी उड्या मारायला शिकले, असा काकांचा सिद्धान्त आहे. तेव्हा एकदा बाद झालेला गडी बादच, अख्खा संघ बाद होईपर्यंत तो बांधावर बसून राही. त्याला गामिनी म्हणत. मारलेल्या गड्याच्या बदल्यात आपला गडी उठतो ती संजीवनी, आणि कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे, तो अमर. आजोबांना संजीवनी कधी पटली नाही. मेलेला उठून परत येतो हा कसला खेळ, असं ते म्हणायचे म्हणे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपला खेळ तिकडे दाखवला होता. काकांच्या गोष्टीत हिटलर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवतो. टाळ्यांचं काकाच जाणोत.

पण त्यांची खरी गोष्ट गिरणीची. सोळा-सतराव्या वर्षी ते मुंबईला गेले, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहिले. तीन पाळ्यांची माणसं एकाच खोलीत आळीपाळीने झोपायची. पाळी सुटली की मैदानावर. गावाला सामना असला की भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एसटीने अलिबाग, पुढे मिळेल ते. कित्येकदा सात गडीसुद्धा जमत नसत. कोणाची रात्रपाळी, कोणाला रजा नाही. "तेव्हाही आपण हरतच होतो," काका म्हणाले. हे मला नवीन होतं. लहानपणापासून मी फक्त ढाली ऐकल्या होत्या.

"मग ढाली कधीच्या?"

"संपाच्या."

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. खोलीचं भाडं परवडेना तसे आमचे लोक एकेक करून गावाला परतले. हातात काम नाही, पगार नाही. सकाळी वाडीला पाणी लावायचं, दुपारी कोणाची नारळाची पाडप असली तर तिथे जायचं आणि संध्याकाळी मैदान. मुंबईच्या मातीत तयार झालेले सातच्या सात गडी एकाच वेळी गावात, आणि रोज तीन तास सराव. ८२ च्या दिवाळीपासून ८४ च्या शिमग्यापर्यंत आमचा संघ हरला नाही, हा हिशोब काकांचा. घरातल्या फळीवरच्या पितळी ढाली मी लहानपणी चिंचेने घासल्या आहेत. काकूने मंगळसूत्र गहाण टाकलं तेही त्याच दोन वर्षांत. हे काकांनी नाही, तिने सांगितलं, माजघरातून, मोठ्याने.

मग कोणी थळच्या खताच्या कारखान्यात लागला, कोणी अलिबागला दुकान टाकलं, आणि संघ पुन्हा हरायला लागला.

आता आमच्या पोरांचं बघा. आमच्या सरावाची जागा एका वाडीमालकाची. तिथे आता शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्या लागतात, गाडीमागे पन्नास रुपये. त्याला दोष कोण देणार? आमच्या घरीही दोन खोल्या भाड्याने आहेतच. स्पर्धा शनिवारी रात्री, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणेही शनिवारीच. डावा कोपरा दिवसभर किनाऱ्यावर बनाना बोटीवर असतो. पाण्यात पडलेल्या लोकांना हाताला धरून वर ओढायचं काम. त्या संध्याकाळी तो टेम्पोत बसला तेव्हा त्याच्या केसांत मीठ होतं आणि खांदा उचलला की तोंड वाकडं होत होतं. अर्धं पाऊल चुकलेला मध्यरक्षक चार वाजेपर्यंत एका कॉटेजवर सुरमईच्या तुकड्या तळत होता. आमचा चांगला चढाईवाला गेल्या वर्षी दुसऱ्या गावाने नेला. तो मात्र हल्ली आठवड्याचे चार दिवस सराव करतो, असं ऐकतो.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाले, "इराणचा तो आठवतो का?" आठवणारच. २०१८ ला जकार्त्याच्या एशियाडमध्ये उपांत्य फेरीत इराणने आपल्याला २७-१८ ने हरवलं. १९९० च्या बीजिंगपासूनची सगळी सुवर्णपदकं आपलीच होती. त्या दिवशी घरात सुतक. काका मात्र टीव्हीपुढे खूश होऊन बसले होते, कारण इराणकडून डाव्या कोपऱ्याला फजल अत्राचली होता. आमच्या यू मुंबाकडून खेळलेला फजल. हरलो त्याचं काय एवढं, कोपरा बघा कोपरा, असं ते घरभर सांगत फिरले होते.

"चवडा कुठे धरला होता त्याने काल?"

"घोट्याच्या वर. दोन्ही हातांनी."

"वर म्हणजे किती वर? पाय इकडे कर."

मी झोपाळ्यासमोर पाय पुढे केला. अडकित्ता बाजूला ठेवून काका वाकले. कमरेचं ऑपरेशन झालेला माणूस, मी नको म्हणेपर्यंत त्यांचा उजवा हात माझ्या टाचेमागे गेला होता, डावा वरून आला आणि बोटं एकमेकांत बसली. सुपारीचा वास आला. मग त्यांनी कपाळ माझ्या नडगीला टेकवलं.

"डोकं इथे पाहिजे. नुसते हात असले की गडी ओढत नेतो. आता सूट बघू."

मी ओढून पाहिलं. झोपाळा हलला, काका हलले, हात हलले नाहीत. तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. अकराचे पाहुणे साडेदहालाच आले होते.

"काका, सोडा. पार्ट्या आल्या."

"मध्यरेषा कुठे आहे?" खालूनच आवाज आला.

मी तुळशीकडे बोट दाखवलं. हॉर्न पुन्हा वाजला.

"लांब आहे," काका म्हणाले.