बीडचा बाजार आणि एकछत्री भांडार : एका प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

१

लहान शहराला मोठे भांडार पोसता येईल काय, हा प्रश्न सामान्यतः लोकसंख्येचा प्रश्न म्हणून मांडला जातो. अमुक इतकी वस्ती असेल तर अमुक आकाराचे दुकान चालेल, असे सोयीचे गणित व्यापारी आणि नियोजनकार दोघेही करीत आले आहेत. या गणिताची कसोटी पाहण्यास बीड जिल्ह्याचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ व जिल्ह्याची २५,८५,०४९ इतकी नोंदली गेली. केवळ डोकी मोजावयाची तर एवढा मुलूख पाठीशी असलेल्या शहरात मोठे भांडार सहज उभे राहावे. तथापि बीडच्या बाजारपेठेची घडण पाहिली असता निराळेच अनुमान काढावे लागते. मोठ्या दुकानाचे जीवन माणसांच्या संख्येपेक्षा त्या माणसांच्या हाती रोकड केव्हा, किती नियमाने आणि कोणाच्या मध्यस्थीने येते यावर अवलंबून असते, हे ते अनुमान होय.

प्रथम 'मोठे भांडार' म्हणजे काय ते निश्चित केले पाहिजे. पॅरिसमधील 'बॉन मार्शे' या दुकानात अरिस्तीद बुसिको १८५२ मध्ये भागीदार म्हणून आला आणि पुढील काही दशकांत या दुकानाने नव्या व्यापारपद्धतीचा नमुना घालून दिला. एका छताखाली अनेक मालाचे स्वतंत्र विभाग, मालावर लिहिलेली ठरावीक किंमत, खरेदीची सक्ती नसलेला मुक्त प्रवेश आणि रोखीचा व्यवहार ही त्या पद्धतीची चार लक्षणे सांगता येतील. यांपैकी पहिले लक्षण डोळ्यांत भरणारे असले तरी चौथे अधिक मूलगामी आहे. कमी नफ्यावर पुष्कळ माल विकावयाचा तर गुंतवलेला पैसा वर्षातून अनेकदा फिरला पाहिजे, आणि उधारीत अडकलेला पैसा फिरत नाही. १८८२ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनीची ख्याती तिच्या रोखीच्या व्यवहारासाठीच होती. तिचा गिऱ्हाईक मुख्यतः पगारदार युरोपीय व त्यांच्या राहणीचे अनुकरण करणारा एतद्देशीय वर्ग होता. मुंबईतील तिच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले, ही घटना केवळ इमारतीच्या हस्तांतराची नाही. धान्य, द्रव्य व वस्तू साठवून ठेवण्याची जागा असा मूळ अर्थ असलेला 'भाण्डागार' हा संस्कृत शब्द 'भांडार' या रूपाने स्वदेशीच्या आणि सहकाराच्या चळवळींमुळे विक्रीच्या जागेचा वाचक झाला. साठवणुकीकडून विक्रीकडे झालेला हा अर्थपालट नागर जीवनात घडला. बीडसारख्या गावांच्या बाजारभाषेत तो फारसा उतरला नाही.

२

बीडची बाजारभाषा निराळ्या शब्दांनी घडली आहे. बिंदुसरेच्या काठच्या या शहरात 'पेठ बीड' आणि 'बशीरगंज' ही वस्त्यांची नावे आजही रूढ आहेत, आणि धान्याच्या घाऊक बाजाराला मराठवाड्यात सर्वत्र वापरला जाणारा 'मोंढा' हाच शब्द येथेही आहे. 'पेठ' या शब्दाचे नाते कन्नड व तेलुगू भाषांतील 'पेटे', 'पेट' या शब्दांशी आहे. 'गंज' हा फारसीतून आलेला शब्द कोठार व धान्याचा बाजार असे दोन्ही अर्थ वाहतो. 'बाजार' हा फारसी, 'दुकान' हा फारसीच्या वाटेने आलेला अरबी, 'किराणा' हा संस्कृत 'क्रयाणका'पासून आलेला, तर 'हाट' हा 'हट्ट' या शब्दापासून. दक्षिणेकडील, इस्लामी सत्तांच्या आणि जुन्या देशी अशा तिन्ही व्यापारी परंपरांचे थर या शब्दसंपत्तीत एकावर एक बसलेले दिसतात.

या शब्दांचे एक सामान्य वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ते बाजाराची विभागणी दाखवितात. मोंढा धान्याचा, सराफा सोन्याचांदीचा, मंडई भाजीपाल्याची, आठवडी बाजार ठरलेल्या वाराचा. नेकनूरसारख्या गावाचा लौकिक तर जनावरांच्या बाजारामुळे दूरवर पोहोचला. ज्याला शहरी भांडारातील 'विभाग' म्हणतात ते सर्व येथे पूर्वीपासून आहेत. परंतु ते एका मालकाच्या छताखाली नसून गावाच्या गल्ल्यांत आणि आठवड्याच्या वारांत पसरलेले आहेत. प्रत्येकाचा गिऱ्हाईक निराळा, पतीची रीत निराळी आणि हंगामही निराळा. म्हणून बीडमध्ये मोठ्या दुकानाचा अभाव होता असे म्हणण्यापेक्षा त्याचे काम अनेक लहान घटकांत वाटले गेले होते असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

३

या वाटणीला राजकीय व भौगोलिक कारणेही होती. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि जिल्ह्याची पश्चिम सीमा ब्रिटिश अमलातील अहमदनगर जिल्ह्याला भिडलेली होती. संस्थानचे नाणे हाली शिक्का, सीमेपलीकडील नाणे कलदार. सीमेवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, वसुली. दोन नाण्यांचा भाव आणि जकात सांभाळून व्यापार करणे हे लहान, स्थानिक आणि ओळखीपाळखीवर चालणाऱ्या व्यापाऱ्यालाच साधणारे होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या 'इंपीरियल गॅझेटियर'मध्ये बीडची प्रसिद्धी कातड्याच्या छागली आणि गुप्त्या यांसाठी सांगितली आहे. हे दोन्ही जिन्नस कारागिराच्या हातचे व त्याच्याच दारी विकले जाणारे होते.

दळणवळणाची स्थितीही अशीच. निजामी राजवटीतच रेल्वे परळीला पोहोचली. बीड शहरातून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुटावयास मात्र १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. जिल्ह्याचे मुख्यालय एका बाजूला आणि लोहमार्ग दुसऱ्या बाजूला, या रचनेमुळे जिल्ह्याचा व्यापार एका केंद्राशी कधीच एकवटला नाही. अवर्षणाने त्यात भर घातली. १८९१ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास असलेली जिल्ह्याची लोकसंख्या दुष्काळांच्या दशकानंतर, १९०१ मध्ये, पाच लाखांच्या खाली उतरली होती. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तर अद्याप जिवंत आहे. जेथे एका पावसाच्या दगाफटक्याने वर्षभराची मागणी नाहीशी होते तेथे मोठा साठा करून ठेवणारा व्यापारी प्रथम बुडतो.

४

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नात शासनाने लक्ष घातले. चीनच्या आक्रमणानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना हाती घेतली आणि तिच्यासाठी पन्नास हजारांहून अधिक वस्तीची शहरे निवडण्याचे धोरण ठेवले. १९६१ च्या जनगणनेत बीड शहर या रेषेच्या खालीच होते. रुपयाच्या अवमूल्यनानंतर, जुलै १९६६ मध्ये, दिल्लीत 'सुपर बाजार' सुरू झाला. हा बाजार राजधानीत, लक्षावधी पगारदार गिऱ्हाइकांच्या मध्यभागी असूनही २००२ मध्ये अवसायनात निघाला. म्हणजे मोठी वस्ती ही यशाची हमी नव्हे. लहान वस्ती ही अपयशाची खूण आहे काय, एवढे पाहावयाचे राहते.

त्याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरने दिले आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने तेथे साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या आधाराने दूधसंघ व शिक्षणसंस्था आल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात 'वारणा बाजार' हे ग्राहक सहकारी भांडार निघाले. वारणानगर हे शहर नव्हे. तरीही तेथे अनेक विभागांचे भांडार चालले आणि आसपासच्या गावांत त्याच्या शाखा निघाल्या. येथे लोकसंख्येचे गणित पूर्णपणे फसते. या यशाचा उलगडा होतो तो पैशाच्या येण्यावरून. उसाचे बिल, दुधाचे बिल आणि कामगारांचा पगार असे तीन प्रवाह वर्षभर पाळीपाळीने त्या खोऱ्यात येत राहतात. एक आटला तर दुसरा चालू असतो. गिरणगावातील नायगाव येथे १९४८ मध्ये जन्मलेल्या 'अपना बाजार'चा पायाही कामगाराच्या मासिक वेतनाचा होता. खोरे असो वा महानगर, नियमित मिळकत हाच दोहोंमधला समान दुवा आहे.

५

बीड जिल्ह्यातील पैशाचे पंचांग याहून वेगळे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला कापूस वा सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या सुमारास रक्कम मिळते. पेरणीच्या वेळी त्याला उलट पैसे काढावे लागतात. ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबाची मिळकत तर याहून एकमार्गी. पती-पत्नींची जोडी 'कोयता' या एका नावाने मोजली जाते. हंगामापूर्वी मुकादमाकडून तिला 'उचल' मिळते, आणि मग ती फेडण्यासाठी जोडपे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जाते. जिल्ह्यातून अशी माणसे लाखांच्या संख्येने बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे जनगणनेच्या पुस्तकात दिसणाऱ्या ग्राहकसंख्येतील मोठा हिस्सा वर्षाचे पाच-सहा महिने बाजाराच्या कक्षेबाहेर असतो, आणि त्याची बहुतेक कमाई कामाआधीच हाती येऊन जुने देणे वारण्यात संपलेली असते.

येथे एक विसंगती नोंदविणे अवश्य आहे. साखर कारखान्यांच्या ज्या नियमित ऊसबिलांनी पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांना भांडारे पोसण्याची ताकद दिली, त्या बिलांतील ऊस तोडणारे हात पुष्कळ अंशी बीडसारख्या जिल्ह्यातून गेलेले असतात. श्रम एकाच उद्योगाचे. परंतु त्याचा मोबदला एका मुलखात बिल होऊन पोहोचतो, तर दुसऱ्यात उचल होऊन. बिल मिळणारा माणूस रोखीचा गिऱ्हाईक होतो. उचल घेणारा उधारीचा.

अशा गिऱ्हाइकाला किराणा दुकानदाराची वही सांभाळून घेते. माल महाग पडतो, भाव विचारण्याची सोय नसते, वजनाविषयी तक्रार करता येत नाही. परंतु पावसाळ्याच्या दोन महिन्यांत चूल पेटती राहते. एकच किंमत आणि रोख पैसे यांवर उभ्या असलेल्या भांडाराला ही सेवा देता येत नाही. ती द्यावयास लागले तर ते भांडार राहत नाही.

६

मग बीडमध्ये मोठे दुकान झालेच नाही काय? झाले, परंतु ते एकाच मालाचे. बीड, अंबाजोगाई यांसारख्या गावांतील कापडाची मजली दुकाने हे त्याचे उदाहरण होय. त्यांचा आधार 'बस्ता' हा आहे. लग्न ठरले की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र येऊन नवरा-नवरीच्या कपड्यांपासून मानपानाच्या लुगड्या-धोतरांपर्यंत सर्व खरेदी एका बैठकीत करतात. या एका प्रसंगी वर्षानुवर्षांची बचत, सोयाबीनची पट्टी किंवा काढलेले कर्ज एकदम दुकानात येते. लग्नसराईने एकवटलेल्या या मागणीवर मोठे कापडदुकान तरते. यावरून लहान शहर मोठ्या दुकानाला प्रतिकूल असते असे नाही. त्याची मागणी प्रसंगाने एकवटते, नित्याने नव्हे, एवढेच सिद्ध होते.

मागणी स्थळानेही विखुरलेली आहे. जर्मन भूगोलज्ञ वाल्टर क्रिस्टालर याने १९३३ मध्ये मध्यवर्ती स्थळांचा सिद्धान्त मांडताना दोन कल्पना पुढे ठेवल्या : सेवा टिकण्यास लागणारी किमान मागणी आणि तिच्यासाठी ग्राहक पत्करील ते कमाल अंतर. बीडच्या बाबतीत दुसरी कल्पना निर्णायक ठरते. आष्टीचा माणूस मोठ्या खरेदीसाठी अहिल्यानगर गाठतो, गेवराईच्या माणसाला छत्रपती संभाजीनगर व जालना खुले आहेत, तर अंबाजोगाई-परळीला लातूर जवळचे. शिवाय नियमित पगाराची ठिकाणेही एकत्र नाहीत : औष्णिक वीज केंद्राचे परळी, वैद्यकीय महाविद्यालयाचे अंबाजोगाई आणि शासकीय कचेऱ्यांचे बीड. जिल्हा पंचवीस लाखांचा असला तरी बीड शहराच्या वाट्याला येणारा रोखीचा ग्राहक त्याच्या लहानशा अंशाइतकाच उरतो.

७

शिक्षक, कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक आणि परगावी नोकरीस असलेल्यांची कुटुंबे मिळून हा अंश वाढत आहे, आणि त्याच्या बळावर मोठे भांडार बीडमध्ये उभे राहू शकेल, यात शंका नाही. परंतु ते उभे राहिल्यावर काय घडेल याचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. आजचा किराणा दुकानदार रोखीच्या गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या पैशावर उधारीच्या गिऱ्हाइकाला सांभाळतो. रोखीचा गिऱ्हाईक भांडाराकडे गेला की वहीतील उधारी तेवढी मागे राहते, आणि दुकानदाराला एकतर ती महाग करावी लागते किंवा बंद करावी लागते. पगारदाराला मिळालेल्या स्वस्ताईची किंमत अशा रीतीने उचलीवर जगणाऱ्या कुटुंबाला चुकवावी लागण्याचा संभव आहे.

म्हणून लहान शहराला मोठे भांडार पोसता येईल काय, या प्रश्नाचे बीडपुरते उत्तर असे देता येईल : शहराला ते येईल, जिल्ह्याला अद्याप येत नाही. जिल्ह्याला ते यावयाचे तर भांडाराच्या आधी मिळकतीची रीत बदलली पाहिजे. तोडणीची मजुरी हंगामाआधीच्या उचलीऐवजी कामाबरोबर, ठरलेल्या दिवशी, मजुराच्या स्वतःच्या हाती आली पाहिजे. वारणेच्या खोऱ्यात मिळकतीचा नियम प्रथम आला आणि भांडार मागाहून. हा क्रम उलटा करून दुकान आधी उभारले तर त्याच्या दारात येणारे लोक कोण आणि बाहेर राहणारे कोण, हे वहीच्या पानांवरून आधीच वाचता येते.