चांगला शोमरोनी, चाळीस विद्यार्थी आणि माझ्या वहीतलं एक वाक्य



परवा कपाट आवरताना कोर्सवर्कच्या दिवसांतली वही सापडली. संशोधन पद्धतीच्या एका तासाला लिहून घेतलेलं वाक्य त्यात आहे, खाली दोन रेघा मारून: "चांगल्या शोमरोन्याचा दाखला नुकताच वाचलेला असला तरी मदत करण्यावर परिणाम शून्य. प्रिन्स्टन, १९७३." हे वाक्य मी पुढची तीन वर्षं ज्युनिअर्सना सांगत फिरले. मूळ पेपर न वाचता, हे आधीच कबूल करते. मागच्या महिन्यात तो पेपर शेवटी वाचला, मग त्यावर आलेलं उत्तर वाचलं, आणि मग जरा ओशाळल्यासारखं झालं.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: मराठी बायबलमध्ये समॅरिटन माणसाला 'शोमरोनी' म्हणतात, आणि येशू शिकवताना ज्या गोष्टी सांगतो त्यांना 'दाखले'. मी ख्रिस्ती नाही, माझा विषयही धर्मशास्त्र नाही, मी एमएस्सीवाली. पण प्रयोगाचं डिझाइनच या दाखल्यातून आलं आहे, त्यामुळे आधी दाखला नीट वाचणं भाग आहे. मी तोही वाचलेला नव्हता. ऐकलेला होता, इतकंच.

तो लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. सुरुवात गोष्टीने होत नाही, तोंडी परीक्षेने होते. एक शास्त्री, म्हणजे धर्मनियमांचा जाणकार, येशूला विचारतो की सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू? येशू उलट त्यालाच विचारतो, नियमशास्त्रात काय लिहिलंय? शास्त्री दोन आज्ञा सांगतो: देवावर पूर्ण मनाने प्रीती करावी, ही अनुवाद या पुस्तकातली; आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही लेवीय या पुस्तकातली. उत्तर बरोबर. येशू म्हणतो, मग तसं कर. इथे विषय संपायला हवा होता. पण शास्त्री पुढचा प्रश्न टाकतो: माझा शेजारी कोण? व्हायवात आपण अडचणीत आलो की 'सर, इथे व्याख्या कोणती धरायची?' असं विचारतो ना, साधारण तसंच. या व्याख्येच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दाखला येतो.

यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या एका माणसाला लुटारू गाठतात, मारतात, अर्धमेला टाकून जातात. एक याजक त्या वाटेने येतो, बघतो, दुसऱ्या बाजूने निघून जातो. मग मंदिराच्या सेवेतला एक लेवी, तोही तसाच. मग एक शोमरोनी येतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार देतो आणि सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.

याजक का थांबला नाही? लूकने कारण दिलेलंच नाही. पूर्ण दाखल्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. कारण दिलं नाही म्हणून नंतरच्या प्रत्येकाने आपापलं कारण तिथे भरलं. नेहमी ऐकू येणारं कारण म्हणजे प्रेताचा विटाळ होईल ही भीती. पण मजकूर सांगतो की याजक 'खाली उतरत' होता, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराकडे जात नव्हता, तिथून निघाला होता. शिवाय इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये बेवारस प्रेताला माती देण्याचं कर्तव्य खुद्द महायाजकालाही सांगितलं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये, हत्येच्या आदल्या दिवशी, दिलेल्या भाषणात वेगळंच कारण सुचवलं: साधी भीती. त्यांनी तो रस्ता स्वतः पाहिला होता. साधारण २७ किलोमीटरमध्ये एक हजार मीटर उतार, ओसाड, वळणावळणाचा. लुटारू अजून जवळच असतील तर? जखमी माणूस नाटक करत असेल तर? रात्री घाटात गाडी थांबवायची वेळ आली तर आपल्या मनात हेच येतं.

आणि शोमरोनी कोण होता? इंग्रजीत 'गुड समॅरिटन' म्हणजे आता नुसता 'भला माणूस' झालाय. तेव्हाच्या यहुदी श्रोत्याला तो शब्द कानात खटकला असणार. शोमरोन्यांचं मंदिर गरिज्जीम डोंगरावर होतं. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या शेवटी यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने ते पाडलं. पुढे इ.स. ६ ते ९ च्या दरम्यान काही शोमरोन्यांनी यरुशलेमच्या मंदिरात मानवी हाडं टाकल्याचं इतिहासकार जोसेफस सांगतो. लूकमध्येच एक अध्याय आधी, शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही म्हणून त्याचे दोन शिष्य आकाशातून अग्नी पाडायची परवानगी मागतात. येशू त्यांना दटावतो. याजक, लेवी यांच्यानंतर तिसरा साधा इस्राएली येईल अशी श्रोत्यांची अपेक्षा. येतो तो शत्रू. शेवटी येशू विचारतो, या तिघांत त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्री 'शोमरोनी' हा शब्द तोंडातून काढत नाही, 'ज्याने दया केली तो' एवढंच म्हणतो. 'शेजारी कोण' हा प्रश्न 'शेजारी कोण झाला' असा बदललेला असतो, आणि त्याला पुन्हा सांगितलं जातं: जा, तसंच कर.

म्हणजे आज्ञा पाठ असणं आणि त्या पाळणं यांतलं अंतर हा दाखल्याचाच विषय आहे. ते अंतर मोजायचं ठरवलं प्रिन्स्टनच्या दोघांनी.

जॉन डार्ली आणि डॅनिअल बॅटसन. डार्ली यांचं नाव तुम्ही मानसशास्त्रात ऐकलं असेल. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज हिचा खून झाला, तेव्हा ३८ जणांनी बघ्याची भूमिका घेतली अशी बातमी गाजली, आणि त्यातून लाताने आणि डार्ली यांचे 'बघ्यां'वरचे प्रयोग आले. (ती ३८ जणांची बातमी बरीच फुगवलेली होती हे नंतर उघड झालं. पाठ्यपुस्तकात मात्र ती बरीच वर्षं तशीच राहिली. माझ्या वहीसारखीच.) बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या सेमिनरीतच धर्मशास्त्र शिकलेलं होतं. प्रयोगासाठी विद्यार्थी घेतले ते याच सेमिनरीतले, म्हणजे उद्याचे पाळक.

डिसेंबर १९७०. विद्यार्थ्यांना सांगितलं की अभ्यास धर्मशिक्षण आणि व्यवसाय यांवर आहे. पहिल्या फेरीत धार्मिकतेबद्दलच्या प्रश्नावल्या. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला ३ ते ५ मिनिटांचं भाषण तयार करायला एक उतारा दिला. काहींना चांगल्या शोमरोन्याचा दाखला, काहींना सेमिनरीच्या पदवीधरांना कोणत्या नोकऱ्या जमतील यावरचा मजकूर. भाषण शेजारच्या इमारतीत रेकॉर्ड होणार. निघताना काहींना सांगितलं, 'तुम्हाला उशीर झालाय, ते वाट बघतायत'. काहींना, 'तयारी झालीय, निघा'. काहींना, 'अजून थोडा वेळ आहे, पण जाऊन ठेवा'. वाटेतल्या गल्लीत, एका दाराशी, एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून पडलेला. विद्यार्थी जवळून जाताना तो दोनदा खोकतो, कण्हतो. तो प्रयोगाचाच माणूस, पण समोरून येणारा विद्यार्थी कोणत्या गटातला आहे हे त्याला माहीत नव्हतं. मदतीची मोजपट्टी शून्य ते पाच: शून्य म्हणजे लक्षातच आलं नाही, पाच म्हणजे सोडून जायला तयार नाही. मध्ये दोन म्हणजे थांबला नाही, पण पुढे जाऊन कोणाला तरी सांगितलं. मला ही दोनची पायरी आवडली. आपल्यापैकी बरेच जण तिथेच राहतात.

४० पैकी १६ जणांनी काही ना काही मदत केली. घाई नसलेल्यांत ६३ टक्के, मध्यम घाईत ४५, फार घाईत १०. घाईचा परिणाम स्पष्ट. दाखल्यावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले, असं पेपरमध्ये नोंदवलं आहे. धार्मिकतेच्या प्रश्नावलीतून कोण थांबेल हे सांगता आलं नाही. आणि दाखला वाचल्या-न वाचल्याने लक्षणीय फरक पडला नाही, असा निष्कर्ष.

माझ्या वहीतलं वाक्य इथून आलं. आता आकडे बघा. दाखला मिळालेल्यांपैकी ५३ टक्क्यांनी मदत केली, नोकऱ्यांचा मजकूर मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांनी. हा परिणाम 'शून्य' आहे? एकूण १६ आणि ४० शी जुळवून मागे हिशेब केला तर १९ पैकी १० आणि २१ पैकी ६ येतात. मी दोन प्रमाणांची साधी तुलना करून पाहिली: झेड १.५५, पी-व्हॅल्यू साधारण ०.१२. पाच टक्क्यांची रेघ ओलांडली नाही, हे खरं. पण फरकाची ९५ टक्के मर्यादा काढा. दाखल्यामुळे मदत ६ टक्के-बिंदूंनी कमी होण्यापासून ५४ टक्के-बिंदूंनी वाढण्यापर्यंत काहीही असू शकतं. चाळीस माणसांत एवढंच दिसतं. डोळ्यांवर धुकं असताना समोर डोंगर नाही असं सांगण्यासारखं झालं ते. घाईच्या निकालाबद्दलही जरा जपून बोला: फार घाईचा गट दहा जणांचा होता, थांबला तो एक. आणखी एक थांबला असता तर १० चे २० टक्के झाले असते.

हे मी शोधलेलं नाही. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच जर्नलमध्ये अँथनी ग्रीनवाल्ड यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. बेझच्या पद्धतीने तोच डेटा पुन्हा तपासून त्यांनी दाखवलं की 'परिणाम नाही' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, उलट डेटाचा कल दाखल्याच्या बाजूने आहे. पण मूळ प्रयोगाची गोष्ट सांगायला सोपी, थोडी खोचक, धर्मशिक्षणाला चिमटा काढणारी. ती पसरली. ग्रीनवाल्ड यांचा पेपर कोणाच्या वहीत गेला नाही.

मूळ लेखकांवर सगळा दोष टाकणंही बरोबर नाही. शेवटच्या चर्चेत ते त्या विद्यार्थ्यांना दांभिक म्हणत नाहीत. घाईतल्यांपैकी काहींना गल्लीत कोणीतरी होतं हे नंतर आठवलं, पण जाताना 'याला मदत हवी आहे' असा अर्थ लागलाच नव्हता. काही जण भाषणाला पोचले ते अस्वस्थ होऊन. त्यांच्यापुढे दोन माणसं होती: गल्लीतला आजारी आणि त्यांची वाट बघणारा संशोधक. ते दुसऱ्याला मदत करायला धावत होते. हे वाचल्यावर मला तो याजक आठवला, ज्याचं कारण लूकने लिहिलं नाही.

आपल्याकडे रस्त्यावर अपघात झाला की लोक का थांबत नाहीत, याचं उत्तर बरीच वर्षं 'संस्कार कमी पडले' असं दिलं जायचं. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात कलम १३४अ आलं, 'गुड समॅरिटन' याच नावाने. पोलीस चौकीच्या चकरा आणि हॉस्पिटलच्या बिलाची धास्ती काढून टाकावी, हा त्यामागचा विचार. कायद्याने माणसाच्या मनाऐवजी त्याच्या वाटेतली अडचण धरली. डार्ली-बॅटसन यांच्या निकालाशी हे जुळतं. दाखला सांगून उपयोग नाही, हे मात्र त्यातूनही सिद्ध होत नाही.

तुम्ही पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल तर १९/१० आणि २१/६ हे आकडे घेऊन हिशेब स्वतः करा, पाच मिनिटं लागतात. एका ज्युनिअरने शाळेतल्या मूल्यशिक्षणावरच्या प्रस्तावात माझ्याच सांगण्यावरून तो एक ओळीचा निष्कर्ष टाकला होता: गोष्टींतून शिकवण्याचा वर्तनावर परिणाम होत नाही. मागच्या आठवड्यात तिला फोन केला. प्रेझेंटेशन आदल्याच दिवशी झालं होतं. समितीतल्या कोणीही त्या स्लाइडवर प्रश्न विचारला नाही, असं ती म्हणाली. दोन्ही पेपर तिला पाठवले आहेत.