कापसाचे बोंड आणि शाळेचा पाठ

श्रोतेहो, कापसाचे एक बोंड हाती घ्या आणि बोटांनी सरकी वेगळी करून पाहा. नखे दुखू लागतात आणि हाताला लागतो चिमूटभर कापूस. तुम्ही म्हणाल, आमच्या वऱ्हाडातल्या पोरांना यात नवे ते काय? तेच आज सांगायचे आहे.

१८९६ साली अमेरिकेत शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने एक लहानशी शाळा काढली. मुले तिथे रांधीत, शिवीत, विणीत. एकदा त्यांच्यापुढे लोकर आणि कापूस ठेवला. सुती कापडाचा धंदा लोकरीच्या मागून का वाढला, असा प्रश्न निघाला. मुले सरकी काढायला बसली. अर्धा तास खपली आणि कापूस निघाला एक औंसाहूनही कमी, म्हणजे अडीच तोळेसुद्धा नाही! एका माणसाच्या हाताने दिवसाकाठी जेमतेम रत्तलभर कापूस निघेल, हे त्यांना पटले. उत्तर पुस्तकाआधी बोटांनी दिले. मग सरकी काढणाऱ्या यंत्राचा इतिहास नुसता पाठ करण्यापुरता राहत नाही, बरं का!

पुढे १९१८ साली विल्यम किलपॅट्रिक यांनी या विचाराला ‘प्रकल्प पद्धती’ म्हणून मांडले.

आता आपल्या वर्ध्याला या. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षी योजना आखली. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. शाळेचे साडेपाच तास, त्यांपैकी ३ तास २० मिनिटे उद्योगाला! पण उद्योग हा निराळा विषय नव्हे. टकळीवरच्या सुताचे तार मोजताना गणित, कापसाची जमीन पाहताना भूगोल, कापडाची कहाणी सांगताना इतिहास. यालाच ‘समवाय’ म्हणत.

समितीने एक धोकाही सांगून ठेवला होता: कमाईकडे लक्ष जाऊन शिक्षण मागे पडेल. पुष्कळ ठिकाणी झालेही तसेच. मुलांनी सूत कातले, गुरुजींनी वजन टिपले आणि नंतर पुस्तकातला धडा वेगळाच सुरू झाला. पालक म्हणू लागले, सूत कातायला का पोराला शाळेत घालायचे? त्यांचे काय चुकले? पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. तिथेही कसोटी हीच.

म्हणून गुरुजी, बाई, प्रकल्प आखताना आधी वस्तू ठरवू नका, प्रश्न ठरवा. ‘विहिरीची प्रतिकृती करा’ म्हटले की घरी वडील पुठ्ठा कापत बसतात. त्याऐवजी विचारा, ‘आपल्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते, आणि का?’ आता दोरीने माप घ्यावे लागेल, वहीत टिपावे लागेल, म्हाताऱ्यांना जुनी आठवण विचारावी लागेल. शेवटी मुलांना ते गावापुढे सांगू द्या. चुकले तर पुन्हा मोजू द्या.

काम झाल्यावर मुलाला एवढेच विचारा, ‘काल ठाऊक नव्हते असे आज काय कळले?’ त्याला सांगता आले, तर तुमचा प्रकल्प साधला. नाही आले, तर हाती राहिले ते नुसते सूत.