बिनडोक्याची आणि बिनपडद्याची

मिरजेला ताईचा तंबोरा जवारी लावायला दिला होता, तो आणायला गेलो तेव्हा माझ्या पाठीला बास गिटार होती. सांगलीहून तालमीसाठी पुढे जायचे होते, म्हणून ती बरोबर. कारागिरांनी तंबोऱ्याचा हिशेब केला आणि सहज पिशवीकडे बोट दाखवले. मी वाद्य बाहेर काढले. त्यांनी ते आडवे धरून पाहिले, उलटे करून पाहिले आणि विचारले, "हिचं डोकं कुठं गेलं? आणि पडदे कुणी काढले?"

"अशीच मिळते," मी म्हणालो.

"डोकं नाही, पडदे नाहीत. मग पैसे कशाचे दिले?"

दुकानातली दोन मुले हसली. मीही हसलो, पण सांगलीला परतताना जाणवले की, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते. वीस वर्षे मी लग्नांत आणि गणेशोत्सवांत सिनेसंगीताच्या ऑर्केस्ट्रांमधून बास वाजवली. ती वाद्याला साजेशी डोक्याची आणि पडद्यांची होती, साडेचार किलोची. डावा खांदा आखडला, डॉक्टरांनी वजन टांगायला मनाई केली, आणि मी ती विकून ही दुसऱ्या हाताची १८ हजारांची बास घेतली. घरच्या काट्यावर तिचे वजन तीन किलोंच्या आसपास भरते. हलकी हवी म्हणून बिनडोक्याची शोधली. त्या किमतीत जी मिळाली ती नेमकी बिनपडद्याचीही निघाली. म्हणजे अर्धी निवड माझी, अर्धी बाजाराची. कारागिरांच्या प्रश्नाने मात्र मला या दोन्ही उणिवांचा इतिहास धुंडाळायला लावले.

पडदे

गिटारच्या फ्रेटना इथे मी सतारीचा शब्द वापरतो आहे: पडदे. बास गिटारला ते असणे ही मुळात सोय होती, आणि ती सोय हाच तिच्या विक्रीचा मुद्दा होता. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बास करी. माणसापेक्षा उंच, उभ्याने वाजवायचे, व्हायोलिनसारखेच बिनपडद्याचे वाद्य. त्याची नेआण कठीण, आणि विजेवरच्या गिटारी आल्यावर त्याचा आवाज त्यांच्यात बुडू लागला. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली आडवी, गळ्यात अडकवायची, विजेवर चालणारी आणि पडदे असलेली बास बाजारात आणली. तशी बास सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच केली होती, पण ती चालली नाही. फेंडरची चालली. तिचे नाव 'प्रिसिजन बास', म्हणजे अचूकतेची बास. ही अचूकता पडद्यांची होती. बोट पडद्याच्या किंचित मागे पडले, तरी स्वर पडद्यापासूनच निघतो. कान तयार नसलेला वादकही सुरात वाजवू शकतो.

पुढच्या दहा वर्षांत ही अचूकता कोणाला तरी नकोशी झाली. लंडनचा तरुण वादक बिल वायमन याने १९६१ मध्ये एक स्वस्त, वापरलेली बास घेतली. तिचे पडदे झिजलेले होते. नवे बसवायचे म्हणून त्याने जुने काढून टाकले, आणि त्या मधल्या काळात वाजवून पाहिली तर तीच जास्त आवडली. नवे पडदे कधी बसलेच नाहीत. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो रोलिंग स्टोन्समध्ये दाखल झाला. ही घटना मला महत्त्वाची वाटते ती तिच्यातल्या गरिबीमुळे. महागड्या, धडधाकट वाद्याचे पडदे कोण उपटणार? वाद्य स्वस्त होते, मोडके होते, म्हणून प्रयोग झाला.

कारखाने मागून आले. अमेरिकेतील ॲम्पेग कंपनीने १९६६ मध्ये बिनपडद्याची बास विकायला काढली. खुद्द फेंडरने १९७० मध्ये 'प्रिसिजन'चीच बिनपडद्याची आवृत्ती आणली. ज्या गोष्टीमुळे वाद्याला नाव मिळाले, तीच काढून नाव मात्र कायम ठेवले!

तरीही या वाद्याला स्वतःचा आवाज दिला तो फ्लोरिडाच्या जॅको पास्टोरियसने. त्याच्याकडे १९६२ सालची फेंडर जॅझ बास होती. तिचे पडदे त्याने स्वतः काढले की आधीच कोणीतरी काढलेले होते, याविषयी त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले आहे. खाचा लांबीने भरल्या आणि फळीवर होड्यांना लावतात तसला इपॉक्सीचा कठीण लेप चढवला, एवढे मात्र निश्चित. कारण साधे होते: खरबरीत गुंडाळीच्या तारा उघडे लाकूड कातरतात. पण त्या लेपाने आवाजही उजळला. १९७६ मध्ये त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आली, त्याच वर्षी तो वेदर रिपोर्टमध्ये गेला, आणि मागे उभे राहून खर्ज धरणारे हे वाद्य एकाएकी पुढे येऊन गाऊ लागले. १९८७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी तो गेला. आजही बिनपडद्याची बास हातात घेणारा प्रत्येक जण सुरुवातीला त्याचीच नक्कल करतो. मीही केली, आणि चार महिन्यांत सोडली.

डोके

पडदे वादकांनी काढले. डोके काढले ते वादक नसलेल्या माणसाने. नेड स्टाइनबर्गर हा शिल्पकला शिकलेला, फर्निचर आरेखणारा गृहस्थ. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात लाकूडकाम करणाऱ्यांच्या एका सामायिक कार्यशाळेत तो काम करी. तिथेच स्टुअर्ट स्पेक्टर गिटारी बनवीत असे. त्याच्यासाठी स्टाइनबर्गरने १९७७ च्या सुमारास एका बासचे अंग आरेखले आणि मग त्याचे लक्ष या वाद्याच्या एका जुन्या खोडीकडे गेले: बास गळ्यात अडकवली की मान खाली जाते. लांब मानेच्या टोकाला चार जड खुंट्या. डावा हात सूर शोधण्याआधी वजन पेलतो.

फर्निचरवाल्याला जे सुचले ते वादकाला सुचणे अवघड होते. तार वाजते ती मानेच्या टोकाच्या खाचेपासून ब्रिजपर्यंतच. खाचेपलीकडचा भाग मुका असतो. मग खुंट्या तिथे कशाला? त्याने त्या ब्रिजपाशी, खालच्या टोकाला नेल्या आणि डोके काढून टाकले. पण डोक्याबरोबर मानेच्या टोकाचे वजन गेले की मान वेगळी कंप पावते आणि आवाज बदलतो. लाकडी मानेचा असा एक दोष बास वाजवणाऱ्यांना ठाऊक असतो: ठरावीक जागी एखादा स्वर लवकर मरतो, कारण तारेचा कंप मान खाऊन टाकते. त्यावर स्टाइनबर्गरचे उत्तर होते कार्बन तंतूंची, ताठ, न वाकणारी मान. १९८० च्या उंबरठ्यावर त्याची 'एल-२' बास आली. चौकोनी, काळी, वल्ह्यासारखी. 'टाइम' साप्ताहिकाने तिची गणना १९८१ च्या उत्तम आरेखनांत केली. किंग क्रिम्सनचा टोनी लेव्हिन, रशचा गेडी ली अशा वादकांनी ती उचलली. १९८७ मध्ये गिब्सनने ही कंपनी विकत घेतली.

माझ्यासारख्यांपर्यंत मात्र 'एल-२' पोचली नाही. पोचली तिची सावली. आपल्याकडे माउथ ऑर्गनसाठी घरोघरी माहीत असलेल्या जर्मनीच्या होनर कंपनीने १९८० च्या दशकात स्टाइनबर्गरच्या परवान्याने स्वस्त लाकडी बिनडोक्याच्या बास काढल्या, आणि पुढे आशियातल्या अनेक कारखान्यांनी तोच साचा गिरवला. माझी बास त्याच लांबच्या गोतावळ्यातली. कंपनीचे नाव घेत नाही. या प्रवासात काय टिकले आणि काय गळले, हे तिच्यावर हात ठेवला की कळते. हलकेपणा टिकला, तोल टिकला, ब्रिजपाशी बारीक आट्यांच्या स्क्रूने तार चढवण्याची सोय टिकली. कार्बनची मान गळली. पावसाळ्यात माझ्या बासची लाकडी मान वाकते, तारा वर उठतात, आणि दर जुलैला मला आतली सळई आवळावी लागते. मूळ वाद्याला दोन्ही टोकांना मणी असलेल्या खास तारा लागत. माझ्या बासला मानेच्या टोकाशी चिमट्यात आवळून साध्या तारा चालतात, हा स्वस्ताईचा उलटा फायदा. मांडीवर टेकायचा प्लास्टिकचा तुकडा पहिल्याच महिन्यात तुटला. भजनाच्या बैठकीत आता मी मांडीवर पंचाची घडी ठेवतो.

साडेपाच मिलिमीटर

खांद्याचा प्रश्न डोके गेल्याने सुटला. पडद्यांचा प्रश्न तिथून सुरू झाला.

दर गुरुवारी आमच्याकडे ताईचे भजन असते. ती पूर्वी काळी पाचमध्ये गाई, आता पांढरी सहावर उतरली आहे. ही माझी मोठीच सोय, कारण बासची दुसरी जाड तार मोकळी वाजवली की तोच षड्ज, आणि सर्वांत जाड तारेवर मंद्र पंचम. पहिल्या गुरुवारी मी फळीवर पडद्यांच्या जागी आखलेल्या रेषांवर डोळे ठेवून वाजवत होतो. दुसऱ्या अभंगात ताई थांबली.

"अरे, गंधार कुणाचा लावतोयस?"

पेटीवाले काका म्हणाले, "माझ्याशी जुळतोय की त्यांचा."

"तेच तर," ताई म्हणाली.

घरी येऊन मी मोजपट्टी घेतली. बासची तार ३४ इंचांची, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. पेटीचा आणि पडद्यांचा गंधार सप्तकाचे बारा समान भाग पाडून येतो. तो ब्रिजपासून ६८५ मिलिमीटरवर पडतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार तारेच्या चार पंचमांशावर, म्हणजे ६९१ च्या जरा अलीकडे. फरक सुमारे साडेपाच मिलिमीटर. पंचमाच्या बाबतीत हाच फरक मिलिमीटरभरही नाही. माझी बोटे रेषेवर होती, ताई तंबोऱ्यावर होती, आणि मध्ये साडेपाच मिलिमीटर.

हे भांडण सांगलीला नवे नाही. इथलेच निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांना या कामी मदत झाली. न्यायाधीश असलेल्या क्लेमंट्स साहेबांच्या साथीने त्यांनी श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. साध्या पेटीत जे स्वर सापडत नाहीत, त्यांच्यासाठी जादा सोय. विद्वानांचे त्यावर एकमत झाले नाही आणि ती पेटी घरोघरी गेली नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली, ती तीनएक दशके टिकली. तरी पेटी गेली नाही. आमच्या गुरुवारीही ती आहेच.

मला वाटते, मधल्या स्वरांपर्यंत पोचायला वाद्य बनवणाऱ्यांनी तीन वाटा काढल्या. देवलांची वाट भर घालण्याची. सतारीची वाट सरकवण्याची: तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे हलवता येतात, शिवाय तार ओढून मींड घेता येते. तिसरी वाट काढून टाकण्याची. सरोद, सारंगी आणि वायमनची मोडकी बास यांची. पहिल्या दोन वाटांत वाद्य वादकासाठी काही लक्षात ठेवते. तिसरीत ते काहीच लक्षात ठेवत नाही. पूर्वी माझा गंधार चढा लागला तर दोष पडद्याचा होता. आता तो माझा आहे, आणि त्याहून अवघड म्हणजे, कोणाशी जुळवायचे हेही मलाच ठरवायचे आहे. ताईशी जुळवले की काकांचे तोंड उतरते. काका गेली तीस वर्षे तिला साथ करतात.

मी सहा महिने रोज पहाटे तंबोरा लावून, डोळे मिटून वाजवले. निष्पन्न झाले ते एवढेच की, गुरुवारी मी बहुतेक वेळ षड्ज-पंचमावर राहतो, जिथे तिघांचेही जमते. ताई श्वास घेते आणि काकांचा हात क्षणभर थांबतो, तेव्हा कधीतरी खालून गंधार लावतो. रेषेच्या मागे, साडेपाच मिलिमीटरवर. पास्टोरियसच्या वाटेने जायचे तर हे फारच थोडे झाले. पण मला वाजवायचे होते ते एवढेच असावे.

यंदा तंबोरा पुन्हा मिरजेला न्यायचा होता. मुद्दाम बासही नेली, आणि एक लहानसा ॲम्प्लिफायर. पैसे कशाचे दिले, याचे उत्तर तोंडाने देण्याऐवजी मी षड्ज वाजवून तिथून रिषभ, गंधारापर्यंत बोट घसरत नेले. स्वर दाबल्यावर लगेच संपत नाही. तो आतून उमलत, किंचित नाकात बोलल्यासारखा वाढत जातो. बोटाच्या पुढे तार फळीला अगदी हलकी शिवत राहते, त्याने हे होते.

कारागिरांनी मान वाकवून कान फळीजवळ नेला. परत वाजवायला सांगितले. मग फळीवरून नख फिरवत म्हणाले, "ही तर जवारी आहे. फक्त घोडीवर नाही, सगळ्या पट्टीवर पसरलीय."

थोडे थांबून त्यांनी मानेच्या मध्यावर बोट ठेवले. "इथं जरा उंच राहिलीय. घासून देऊ का?"

मी वाद्य त्यांच्याकडेच ठेवून आलो आहे. पुढच्या गुरुवारी ताईला साथ फक्त पेटीची.