दात मोजून घेतलेला जलाश्व

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तापीमाई सारंगखेड्यावरून वाहत जाते आणि पुढे सुरतेपाशी समुद्राला मिळते, एवढेच आमचे त्याच्याशी नाते. घोडे मात्र आम्ही ओळखतो. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे जाणते गिऱ्हाईक आधी घोड्याचे तोंड उघडून दात पाहते. दातांवरून वय कळते.

भारतीय नौदलाने घेतलेल्या ‘जलाश्व’चे दात पाहिले असते तर वय छत्तीस निघाले असते. अमेरिकेत सिअ‍ॅटलला बांधलेले हे जहाज १९७१ साली ‘ट्रेंटन’ नावाने तिथल्या नौदलात दाखल झाले. काम होते सैनिक, रणगाडे आणि गाड्या शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवण्याचे. त्याची रचना मोठी मजेदार. टाक्यांत पाणी भरले की मागचा भाग खाली बसतो, दार उघडते, समुद्र आत येतो आणि पोटातल्या छोट्या होड्या तरंगत बाहेर पडतात. नाव सार्थ आहे. जलाश्व म्हणजे पाणघोडा!

जानेवारी १९९१ मध्ये सोमालियात यादवी पेटली. तेव्हा ‘ट्रेंटन’वरून निघालेल्या दोन हेलिकॉप्टरांनी वाटेत हवेतच इंधन घेतले आणि मोगादिशू गाठले. त्या मोहिमेत तीस देशांच्या २८१ लोकांची सुटका झाली.

२००४ च्या त्सुनामीत अशा जहाजाची उणीव आपल्याला जाणवली. सुमारे पावणेपाच कोटी डॉलर मोजून ते घेतले आणि २२ जून २००७ रोजी अमेरिकेतच त्यावर तिरंगा चढला. विशाखापट्टणम त्याचे ठाणे झाले. जुने जहाज नीट पारखून घेतले नाही, असा ठपका पुढे महालेखापरीक्षकांनी ठेवला. त्याआधीच, फेब्रुवारी २००८ मध्ये, जहाजावर विषारी वायूची गळती होऊन एक अधिकारी आणि पाच खलाशी गेले. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. ‘जलाश्व’चे कौतुक करताना ही सहा माणसे विसरून चालणार नाही.

मग आले २०२० साल. टाळेबंदीत विमाने थांबली आणि परदेशी कामाला गेलेली माणसे तिथेच अडकली. ‘समुद्रसेतू’ मोहिमेत ‘जलाश्व’ मालदीवला गेले आणि १० मे रोजी ६९८ जणांना घेऊन कोचीला आले. त्यांत एकोणीस गर्भवती स्त्रिया होत्या. पुढे श्रीलंका आणि इराणमधूनही त्याने माणसे आणली. चार जहाजांनी मिळून ३,९९२ जणांना मायदेशी पोचवले.

२०२१ मध्ये प्राणवायूची टंचाई पडली, तेव्हा याच जहाजाने परदेशातून प्राणवायूच्या टाक्या आणि सिलिंडर आणले. त्याच दिवसांत आमच्या नंदुरबारने जिल्ह्यातच प्राणवायूचे प्रकल्प उभारून ठेवल्याची चर्चा देशभर झाली होती. म्हणून त्या टाक्यांचे मोल आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही.

सैन्य परक्या किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेले हे जहाज आपल्या लक्षात राहिले ते आपली माणसे घरी आणल्यामुळे. बाजारात दात पाहावेतच. त्यात कसूर झाली तर किंमत कोणी तरी मोजतेच. पण घोड्याची खरी पारख होते ती अडीनडीला, पाठीवर माणूस बसल्यावर.