नळी कोणाच्या हातची?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी नेमबाजीची चर्चा झाली. या प्रकारात लक्ष्याच्या मध्यभागी असलेले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. अशा वेळी नेमबाजाच्या नजरेचे आणि त्याच्या संयमाचे कौतुक होते, व ते योग्यच आहे. परंतु त्याच्या हातातील शस्त्र घडविणाऱ्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. लक्ष्यवेधी रायफल आपल्यासाठी खास घडवून घ्यायची, तर कारागीर कसा निवडावा, हा प्रश्न मात्र नेमबाजांना दीडशे वर्षे तरी पडत आला आहे.

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे चर कोरलेले असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, मार्ग न सोडता जाते. हे चर नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखे हवेत. काडतुसाचे घर नळीच्या नेमक्या मध्यरेषेवर हवे, आणि गोळी जेथून बाहेर पडते ती कड सर्व बाजूंनी सारखी हवी. यांतले काहीही दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही. दोष कळतो तो लक्ष्यावर, आणि तोवर पैसाही गेलेला असतो व वेळही. म्हणजे गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही, तर एका माणसावर विश्वास टाकतो.

सन १८७४ ची गोष्ट घ्या. आयर्लंडच्या नेमबाजांनी अमेरिकनांना आव्हान दिले आणि २६ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे सामना झाला. अंतरे होती ८००, ९०० आणि १००० वार. प्रत्येक बाजूस सहा नेमबाज. आयरिश संघाच्या रायफली डब्लिनच्या रिग्बी यांच्या, तोंडाकडून ठासून भरायच्या होत्या. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स या कारखान्यांच्या, मागून भरायच्या नव्या धाटणीच्या रायफली होत्या. अमेरिकनांना ९३४ गुण मिळाले, आयरिशांना ९३१. आयरिशांच्या मिलनर यांची एक गोळी अगदी मध्यावर बसली खरी, पण शेजारच्या लक्ष्यावर! ते चार गुण बुडाले. त्यामुळे कोणती बंदूक श्रेष्ठ, या वादाचा निकाल त्या दिवशी लागला असे म्हणता येणार नाही.

मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. आयरिश संघात जॉन रिग्बी स्वतः नेमबाज म्हणून उतरले होते. अमेरिकन संघात रेमिंग्टनचे हेपबर्न होते आणि शार्प्सचे येलही होते. ज्यांनी शस्त्रे घडविली, तेच ती घेऊन सर्वांदेखत जमिनीवर आडवे झाले. आपल्या कामाचा दोष पहिल्याने आपल्यालाच भोवेल अशा जागी उभा राहणारा कारागीर, ही निवडीची पहिली खूण होय.

दुसरी खूण हॅरी पोप यांच्या आयुष्यातून मिळते. सन १८६१ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ बोस्टनच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात शिकले आणि हार्टफर्ड येथे सायकलींच्या कारखान्यात नोकरी करू लागले. नळ्या कोरण्याचा छंद त्यांनी नोकरी सांभाळून जोपासला. त्या काळी अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन लोकांची नेमबाजी मंडळे जोरात होती. तेथे २०० वारांवरून उभ्याने नेम धरीत. पोप स्वतःही त्या खेळातले निष्णात नेमबाज होते. त्यांच्या नळीत आठ चर असत आणि त्यांचा पीळ तोंडाकडे क्रमाने घट्ट होत जाई. नळीच्याच पोलादाचा एक तुकडा कापून ते तिचे ‘खोटे मुख’ बनवीत. गोळी तोंडाकडून आत सारताना खऱ्या मुखाची कड झिजू नये, म्हणून ही खबरदारी. सन १९०१ मध्ये कोलोरॅडोतील रोलंड नावाच्या नेमबाजाने रायफल टेकवून पोप यांच्या नळीतून २०० वारांवर दहा गोळ्या झाडल्या. त्या सगळ्या मिळून पाऊण इंचाहूनही लहान जागेत बसल्या.

अशा कीर्तीला बाजारात भाव येतो. त्याच वर्षी स्टीव्हन्स या मोठ्या कंपनीने पोप यांना आपल्याकडे घेतले आणि ‘स्टीव्हन्स-पोप’ या नावाने नळ्या विकल्या जाऊ लागल्या. सन १९०५ च्या अखेरीस पोप कंपनीतून बाहेर पडले. नाव मात्र कंपनीकडेच राहिले आणि नळ्या विकल्या जातच राहिल्या. म्हणूनच जुन्या रायफलींचे संग्राहक आजही विचारतात की ही नळी पोप यांच्या हातची, की केवळ त्यांच्या नावाची? मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारा जाणता गवईही दुकानाच्या पाटीवर विसंबत नाही. तो विचारतो, जवारी कोणी काढली? नाव विकता येते, हात विकता येत नाही.

पुढे पोप सॅन फ्रान्सिस्कोला गेले. दुकान जेमतेम मांडले होते, तोच १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. हत्यारे व यंत्रे, सारे गेले. पंचेचाळिशीच्या घरातल्या या माणसाने पुन्हा आरंभ केला आणि अखेर न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे, पसाऱ्याने भरलेल्या एका कार्यशाळेत स्थिरावला. तेथे अशा अर्थाची पाटी होती की तारखेचे वचन मिळणार नाही, नीट झाल्यावर काम घ्या, नाही तर दुसरीकडे जा. लोक वर्षानुवर्षे थांबत. सन १९५० मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी पोप निवर्तले.

या पाटीत उर्मटपणा आहे, असे कोणी म्हणेल. मला तीत प्रामाणिकपणा दिसतो. गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून तारीख द्यायची आणि ती पाळण्यासाठी शेवटचा चर घाईने कोरायचा, हे त्यांना मंजूर नव्हते. अर्थात, उशीर लावणारा प्रत्येक जण पोप नसतो. केवळ दिरंगाई हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे.

आज बहुतेक कारागीर कोरलेली नळी दुसऱ्याकडून आणतात आणि काडतुसाचे घर कोरणे, नळीचे तोंड साधणे, दस्त्यात लोखंड घट्ट बसविणे ही कामे करतात. काम बदलले, पण विचारायचे प्रश्न तेच राहिले. हा माणूस स्वतः नेमबाजी करतो का? लेथवर त्याचा हात असतो की त्याच्या नावाखाली दुसऱ्याचा? त्याने घडविलेल्या रायफली स्पर्धेत कोठे पोचल्या? अमेरिकेत टेकवून नेम धरण्याच्या स्पर्धांचे निकाल छापताना नेमबाजाच्या नावापुढे कारागिराचेही नाव देण्याची चाल आहे. ती मला फार न्याय्य वाटते. बंद नळीच्या आत, कोणी पाहत नसताना केलेल्या कामाचा हिशेब तेथे सर्वांसमोर मांडला जातो. कारागीर निवडणाऱ्याने आधी ते रकाने वाचावेत, पाट्या नंतर.