मैनेचे वकीलपत्र

यंदा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची आखणी करण्यासाठी आमच्या नल्लकुंट्यातील मराठी मंडळी जमली होती. मुलांसाठी प्राण्यापक्ष्यांच्या गाण्यांचा एक विभाग ठेवावा, अशी सूचना आली व ती सर्वांस पसंत पडली. ग. दि. माडगूळकरांचे ‘नाच रे मोरा’ आले, ‘एका तळ्यात होती’ आले. एका कोकणी शेजाऱ्यांनी ‘उंदरा म्हज्या मामा’ सुचविले. इतक्यात कोणी अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचे नाव घेतले. मैना हा पक्षीच, तेव्हा तिलाही यादीत जागा मिळाली. मात्र “शेवटचा भाग गाळावा, त्यात सीमेचा वाद आहे,” अशी पुस्ती जोडली गेली. आमचा पेशा वकिलीचा. अर्धाच दस्त वाचून निकाल देण्याची रीत आम्हांस मानवत नाही. म्हणून या यादीची थोडी उलटतपासणी करण्याचे योजिले आहे.

गीताच्या मथळ्यावर प्राणी दिसला म्हणजे ते गीत त्या प्राण्याविषयीच असते, हा समज आपल्या परंपरेपुढे टिकत नाही. ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात ‘पैल तो गे काऊ’ ही विराणी रचली. कावळा ओरडला की पाहुणा येतो, ही घरोघरची समजूत. विठ्ठलाच्या भेटीसाठी आसुसलेली विरहिणी तोच शकुन त्या काळ्या पाखराला विचारते. स्वतःच्या तोंडून जे उच्चारवत नाही, ते त्याच्या स्वाधीन करते. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘विंचू चावला’ हे भारूड लिहिले. त्यातील विंचू कामक्रोधाचा असून त्यावरचा उतारा मांत्रिकाच्या झोळीत नव्हे, सत्त्वगुणात आहे. गावच्या जत्रेतील श्रोता आधी हसतो आणि मग हळूच स्वतःचा दंश चाचपतो. कोकणी गीतातील उंदीरमामाही केवळ पोरांच्या करमणुकीसाठी अवतरलेला नाही. मांजराच्या पिलाशी खेळ मांडू नकोस, हा त्याला दिलेला इशारा आहे. आणि बलिष्ठाच्या लाघवाला भुलू पाहणाऱ्या प्रत्येक दुबळ्याला तो लागू पडतो. तात्पर्य, कावळा काय, विंचू काय, उंदीर काय, हे सारे माणसाचे वकील होत. पक्षकार निराळाच असतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे मैनेचा खटला सर्वांत मोठा ठरतो. जात्यावरच्या ओवीत मुलगा राघू आणि लेक मैना, हा संकेत पिढ्यान्पिढ्यांचा आहे. १९२० साली वाटेगावात जन्मलेल्या अण्णा भाऊंनी तो त्या ओवीतून उचलला आणि गिरणगावाच्या चौकात आणून उभा केला. अमर शेख व गवाणकर यांच्यासह १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक स्थापिले होते. कामगारांपुढे बोलायचे तर कामगाराच्याच व्यथेतून, हे त्यांस पक्के ठाऊक होते. छक्कडीचा प्रारंभ म्हणूनच घरगुती आहे. पोटासाठी मुंबईस आलेला गडी गावी राहिलेल्या कारभारणीच्या आठवणीने तळमळतो. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे गीत गर्जू लागले ते त्याच्या उत्तरार्धामुळे. मैनेची जी ताटातूट, तीच खंडित महाराष्ट्राची, असे सांगून शाहीर बेळगाव, कारवार आणि डांग यांची नावे घेतो. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर आधीचा भाग ही हकीकत आणि शेवटचा भाग ही मागणी. मागणी गाळलेला दावा कोणते न्यायालय दाखल करून घेईल? सीमेचा तोच दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ओळी ‘वाद’ म्हणून टाळण्याजोग्या नाहीत, इतिहास म्हणून ऐकण्याजोग्या आहेत, हे उमगते.

आम्हां हैदराबादकर मराठी माणसांस तर त्या अधिकच निकटच्या आहेत. आमचे आजोबा परभणीहून वकिलीसाठी येथे आले, तेव्हा गाव आणि कचेरी एकाच हैदराबाद राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य विभागले गेले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. मराठवाड्याचे मागणे सफळ झाले, याचा आनंद आजोबांस होताच. परंतु त्याच दिवशी त्यांचे गाव एका राज्यात आणि बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात पडले. छक्कडीतला गडी निदान गाव सोडून निघाला होता. येथे कोणी हललेही नव्हते, हलली ती सीमा. आजी मैनेचे गाणे गुणगुणू लागली की आजोबा हातातले वर्तमानपत्र खाली ठेवीत. गावावर मैना राहिली की आपणच इकडे राहिलो, हा प्रश्न त्या घरात कधी मोठ्याने विचारला गेला नाही. ते काम गाण्याकडे होते.

बैठकीत आम्ही एवढेच निवेदन केले, की मोर, बदके आणि उंदीरमामा खुशाल मुलांकडे सोपवावेत. मैना मात्र थोरांनी गावी आणि अथपासून इतिपर्यंत गावी. थोडी कुरबूर झाली, पण अखेर ते मान्य झाले. पाडव्याला छक्कड संपल्यावर आमच्या धाकट्या पुतणीने विचारले, “काका, कारवार कुठे आहे?” नकाशा काढावा लागला. त्यावर परभणीही दाखविली. तिने दोहोंमधले अंतर बोटाने मोजले आणि मग विचारले, “आणि आपण?” आम्ही नल्लकुंट्यावर बोट ठेवले. हे नाव तेलुगू, अर्थ काळे तळे. ते ऐकून तिने तत्काळ विचारले, “म्हणजे बदकांचे तळे हेच का?”